दीपगृहाचे मांजर : एका लोकप्रिय विज्ञानकथेची तपासणी

प्राण्यांच्या जाती कशा नष्ट होतात हे सांगताना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. न्यूझीलंडजवळच्या एका लहानशा बेटावर दीपगृह बांधले गेले. तेथील रखवालदाराने सोबतीला एक मांजर आणले. मांजर रोज एखादा चिमुकला पक्षी मारून दारात आणून टाकू लागले. रखवालदाराने ते पक्षी शास्त्रज्ञांकडे पाठवले, तेव्हा ती जात विज्ञानाला अगदी नवी असल्याचे कळले. परंतु पत्रोत्तर येईपर्यंत मांजराने शेवटचा पक्षीही मारून टाकला होता. एका मांजराने एक जात शोधली आणि त्याच मांजराने ती संपवली. शिवाय हा पक्षी म्हणजे उडू न शकणारा जगातील एकमेव गाणारा पक्षी होता, अशी पुस्तीही जोडली जाते. काही ठिकाणी तर मांजराचे नावसुद्धा दिलेले असते : टिबल्स.

गोष्ट छोटी आहे, चटकदार आहे आणि वर्गात सांगितली की मुले कान टवकारतात. त्यामुळेच ती इतकी पसरली. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने एखादी गोष्ट सांगण्यापूर्वी ती तपासून घ्यावी अशी अपेक्षा असते, आणि ही गोष्ट तपासण्यासाठी लागणारी साधने आता उपलब्ध आहेत. रॉस गॅलब्रेथ व डेरेक ब्राऊन या दोन संशोधकांनी २००४ साली ‘नोटॉर्निस’ या न्यूझीलंडच्या पक्षिशास्त्रीय नियतकालिकात या प्रकरणाची जुनी पत्रे, वर्तमानपत्रे व संग्रहालयांतील नमुन्यांच्या नोंदी यांच्या आधारे छाननी केली. त्याच्या आधी व नंतर हाडांच्या आणि डीएनएच्या अभ्यासातूनही बरीच माहिती मिळाली आहे. या सर्वांच्या प्रकाशात गोष्टीतील एकेक विधान पारखून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

रेन म्हणजे कोण?

प्रथम नावाचाच विचार करू. या पक्ष्याला इंग्रजीत ‘स्टीफन्स बेटावरील रेन’ किंवा ‘लायलचा रेन’ म्हणतात. शास्त्रीय नाव ट्रॅव्हर्सिया लायली. रेन हा युरोपातील लोकांच्या घराअंगणातला पक्षी. गुबगुबीत, तपकिरी, आखूड शेपटीचा आणि झुडपांच्या बुडाशी सतत लगबग करणारा. खऱ्या रेन पक्ष्यांचे कुल ट्रोग्लोडायटिडी. त्यात ऐंशीहून अधिक जाती आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांतील बहुतेक साऱ्या अमेरिका खंडांत राहतात. युरोप, आशिया व उत्तर आफ्रिका या सर्व प्रदेशांत मिळून रेनची एकच जात आहे. आपल्याकडे तीच हिमालयात आढळते. महाराष्ट्रात खरा रेन नाही.

इंग्रज लोक जगभर गेले तेव्हा आपल्या गावच्या पक्ष्यांची नावे बरोबर घेऊन गेले. कोठेही लहान, तपकिरी, शेपटी आखूड किंवा उभी धरणारा पक्षी दिसला की त्याला रेन म्हणून मोकळे झाले. ऑस्ट्रेलियातील ‘फेअरी-रेन’ वेगळ्याच कुलातले. आपल्या शेताच्या बांधावर दिसणारा राखी वटवट्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत ‘रेन-वॉर्बलर’ या नावाने येतो. त्याचाही रेनशी जवळचा संबंध नाही. आपणही हेच करतो. पाणकावळा हा कावळा नव्हे आणि पाणकोंबडी ही कोंबडी नव्हे. बोलीतले नाव दिसण्यावरून पडते, नात्यावरून नाही.

न्यूझीलंडमधील ‘रेन’ अकॅन्थिसिटिडी या स्वतंत्र कुलात येतात. या कुलाचे स्थान मोठे विलक्षण आहे. चिमणी, कावळा, बुलबुल, मैना, सुगरण असे सहा हजारांहून अधिक जातींचे पक्षी ज्या गणात मोडतात, त्या पॅसेरिफॉर्मिस गणाच्या वंशवृक्षाला बुंध्याजवळच दोन फांद्या फुटतात. एका फांदीवर हे सारे हजारो पक्षी, आणि दुसऱ्या फांदीवर फक्त न्यूझीलंडचे हे मूठभर पक्षी. २००२ साली दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी जनुकांच्या तुलनेवरून हे दाखवून दिले. म्हणजे वंशाच्या दृष्टीने पाहिले तर वटवट्या व युरोपातील रेन हे एकमेकांचे जितके जवळचे आहेत, तितका न्यूझीलंडचा रेन त्या दोघांपैकी कोणाच्याच जवळचा नाही.

हे वर्गीकरण नुसते नावे लावण्याचे काम नाही. एखाद्या मोठ्या कुलातील शंभर जातींपैकी एक गेली, तर नुकसान होतेच. पण तिची जवळची भावंडे उरतात. ज्या कुलात अलीकडच्या काळातील सातच जाती माहीत आहेत आणि ज्याची दुसरी जवळची शाखाच नाही, त्यातील एक जात जाणे म्हणजे उत्क्रांतीच्या इतिहासाचे एक जाडजूड प्रकरण फाडले जाणे होय. आज या सातांपैकी दोनच जाती जिवंत आहेत.

दोन नावांची शर्यत

गोष्टीत ‘शास्त्रज्ञांकडे पाठवले’ असे एका वाक्यात उरकले जाते. प्रत्यक्षात काय घडले ते पाहण्यासारखे आहे. स्टीफन्स बेट, माओरी भाषेत ताकापोउरेवा, हे कुकच्या सामुद्रधुनीत आहे. क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या मध्यम गावाच्या शिवाराहूनही कमी. तेथील दीपगृहाचा दिवा १८९४ च्या जानेवारीत प्रथम लागला. डेव्हिड लायल हा तेथील साहाय्यक रखवालदार. त्याला निसर्गनिरीक्षणाची आवड होती. मांजराने आणलेला एक पक्षी त्याने ‘हिनेमोआ’ या सरकारी आगबोटीवरील बेथ्यून नावाच्या इंजिनिअरमार्फत न्यूझीलंडचे नामवंत पक्षिशास्त्रज्ञ वॉल्टर बुलर यांच्याकडे पोहोचवला. बुलरनी ही जात नवी असल्याचे ओळखले, वर्णन लिहिले आणि ते इंग्लंडमधील ‘आयबिस’ या नियतकालिकाकडे बोटीने रवाना केले.

इकडे हेन्री ट्रॅव्हर्स हा नमुन्यांचा व्यापार करणारा संग्राहक लायलच्या संपर्कात आला. दुर्मीळ पक्ष्यांना कोण किती पैसे मोजेल हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने नऊ नमुने मिळवून ते बुलरना न देता इंग्लंडमधील धनाढ्य संग्राहक वॉल्टर रॉथशिल्ड यांना विकले. रॉथशिल्ड यांचे वर्णन १८९४ च्या डिसेंबरात लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. बुलर यांचे वर्णन छापून आले ते १८९५ च्या एप्रिलमध्ये.

शास्त्रीय नावांच्या बाबतीत आधी प्रसिद्ध होईल त्याचा मान, असा नियम आहे. त्यामुळे बुलरनी दिलेले ‘झेनिकस इन्सुलारिस’ हे नाव बाद झाले आणि रॉथशिल्ड यांचे ‘ट्रॅव्हर्सिया लायली’ टिकले. नावात व्यापारी ट्रॅव्हर्स आहे, रखवालदार लायल आहे. पक्षी प्रथम ओळखणारे बुलर मात्र नाहीत. पुढे अनेक दशके काही शास्त्रज्ञ या पक्ष्याला झेनिकस या दुसऱ्या प्रजातीत टाकत व ‘झेनिकस लायली’ म्हणत. प्रजातीचे नाव बदलले तरी जातीचे ‘लायली’ हे नाव कायम राहिले, कारण पहिलेपणाचा नियम तेथेही लागू होतो. द्विनाम पद्धती शिकवताना हे उदाहरण मुलांना सांगण्याजोगे आहे.

त्यात आणखी एक खोच आहे. ‘इन्सुलारिस’ म्हणजे बेटावरचा. बुलर यांचे नाव टिकले असते, तर ते कायमचे एक चुकीची समजूत सांगत राहिले असते. ती समजूत कोणती, ते आता पाहू.

हा पक्षी केवळ त्या बेटावरचा होता काय?

गोष्टीतील सर्वांत मोठी चूक येथे आहे. गोष्ट ऐकणाऱ्याला वाटते की, ही जात मुळातच दीड चौरस किलोमीटरच्या बेटावर निर्माण झाली आणि तेथेच राहिली. असे असेल तर ती मुळात नाजूक होती, आज ना उद्या जाणारच होती, असेही मनात येते.

परंतु न्यूझीलंडच्या उत्तर व दक्षिण या दोन्ही मुख्य बेटांवरील गुहांत या पक्ष्याची हाडे सापडली आहेत. त्यांतील पुष्कळशी हाडे हसऱ्या घुबडाच्या वसतिस्थानांत मिळाली. हे घुबडही आता नष्ट झाले आहे. घुबड भक्ष्य गिळते आणि न पचलेली हाडे, पिसे यांची गोळी करून तोंडावाटे टाकते, हे आपल्याला माहीत आहे. गुहेत शेकडो वर्षे साचलेल्या अशा गोळ्यांतून त्या परिसरातील लहान प्राण्यांची जणू हजेरीच मिळते. या हजेरीवरून दिसते की, हा पक्षी एके काळी जवळजवळ सगळ्या न्यूझीलंडभर पसरलेला होता.

मग तो मुख्य बेटांवरून गेला कोठे? न्यूझीलंडमध्ये वटवाघळे सोडली तर जमिनीवरील मूळचा सस्तन प्राणीच नव्हता. जमिनीवर वास घेत हिंडणाऱ्या शिकाऱ्याची तेथील पक्ष्यांना ओळख नव्हती. तेराव्या शतकात पॉलिनेशियन लोक होड्यांतून तेथे आले आणि त्यांच्याबरोबर ‘किओरे’ नावाचा उंदीर आला. उंदरांनी कुरतडलेल्या जुन्या बियांचे कार्बन-कालमापन करून २००८ साली ही घटना इ. स. १२८० च्या सुमाराची असल्याचे दाखवण्यात आले. जमिनीलगत राहणाऱ्या, न उडणाऱ्या, जेमतेम उंदराएवढ्याच पक्ष्याचा या उंदरापुढे निभाव लागला नाही. युरोपीय लोक येण्याच्या आधीच तो मुख्य बेटांवरून नाहीसा झाला होता. स्टीफन्स बेटावर उंदीर पोहोचले नाहीत, म्हणून तेथे तो उरला.

म्हणजे १८९४ साली मांजर ज्या पक्ष्यांवर तुटून पडले, ते एका छोट्या बेटावरच्या छोट्या जातीचे पक्षी नव्हते. एका देशभर पसरलेल्या जातीचे ते शेवटच्या आश्रयस्थानी उरलेले वारस होते. जात नष्ट होण्यास एक वर्ष लागले असे गोष्ट सांगते. खरे तर या प्रक्रियेला सहा शतके लागली; गोष्टीत फक्त शेवटचे पान आहे.

एक मांजर की अनेक?

आता मांजराकडे वळू. ‘टिबल्स’ हे नाव त्या काळच्या कागदपत्रांत नाही. ते पुढच्या कथाकारांनी चिकटवले. एकच मांजर होते, हेही खरे नाही. १८९४ मध्ये बेटावर मांजरी स्थिरावल्या आणि त्यांची वीण वाढली. १८९५ च्या सुरुवातीच्या पत्रव्यवहारातच मांजरी रानटी झाल्याचा आणि त्या सर्वच पक्ष्यांची धूळधाण करीत असल्याचा उल्लेख येतो. शतकाच्या अखेरीस बेटावर शंभराहून अधिक रानटी मांजरी मारण्यात आल्या. मांजरींचा पूर्ण बंदोबस्त व्हायला १९२५ साल उजाडले.

एका गाभण मांजरीपासून इतक्या मांजरी होणे शक्य आहे काय? गणिताच्या तासाला हा हिशेब करून पाहता येईल. मादीला वर्षातून दोन वेळा प्रत्येकी चार पिले होतात, त्यांतली निम्मी जगतात, जगलेल्यांत निम्म्या माद्या असतात आणि पुढच्या वर्षी त्याही वितात, असे धरू. मोठी मांजरे मरत नाहीत असेही सोयीसाठी मानू. मग १८९४ च्या आरंभीची एक मादी वर्षअखेर ३ माद्या व २ नर होते. दुसऱ्या वर्षअखेर एकूण १७, तिसऱ्या वर्षअखेर ५३ आणि चौथ्या वर्षअखेर १६१. हा कागदावरचा हिशेब आहे. प्रत्यक्षात अन्न संपले की वाढ खुंटते. तरीही शंभराच्या वरचा आकडा चार-पाच वर्षांत गाठणे अशक्य नाही, एवढे त्यातून कळते.

मात्र याच हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पहिल्या वर्षअखेरीस बेटावर फार थोड्या मांजरी असाव्यात, आणि रेन तर १८९५ च्या सुमारासच दिसेनासा झाला. ख्राइस्टचर्चच्या ‘द प्रेस’ या वृत्तपत्राने १८९५ च्या मार्चमध्येच पक्षी नष्ट झाल्याची शंका व्यक्त केली होती. म्हणजे शेकडो मांजरींनी रेन संपवला, असे म्हणणेही घाईचे ठरेल. मूठभर मांजरी पुरेशा झाल्या. ‘एक’ हा आकडा चुकीचा असला, तरी तो सत्यापासून फार लांब नसावा. काही टीकाकार ‘मांजराची गोष्ट थोतांड आहे’ असे म्हणून मोकळे होतात, ते म्हणूनच पटत नाही. बेटावरील इतर पक्षीही पाठोपाठ कमी होत गेले. डेव्हिड मेडवे यांनी २००४ मध्येच बेटावरील सर्व जमिनीवरच्या पक्ष्यांच्या नोंदी तपासल्या आणि ऱ्हासाचे मुख्य कारण मांजरीच असल्याचा निष्कर्ष काढला.

मग गोष्टीत बिघडते काय? माझ्या मते आकड्याची चूक दुय्यम आहे. कारणाच्या मांडणीची चूक मोठी आहे. गोष्टीत कर्ता मांजर आहे. परंतु मांजर बेटावर पोहत आले नाही. दीपगृह बांधण्याचा निर्णय, जनावरे बरोबर नेण्याची मुभा, गाभण मांजर मोकळे सुटणे, मांजरी माजल्याचे कळूनही वेळेवर काही न होणे, आणि दुर्मीळ होत चाललेल्या पक्ष्याला चढा भाव देणारा बाजार, या सगळ्या गोष्टी माणसांच्या आहेत. आज जगातील संग्रहालयांत या पक्ष्याचे पंधरा ते अठरा नमुने आहेत. जात संपत आली असताना रॉथशिल्ड, बुलर व ट्रॅव्हर्स यांची चढाओढ चालली होती ती नमुन्यांसाठी आणि नावासाठी. पक्षी वाचवण्यासाठी कोणी धावपळ केल्याचे दिसत नाही. त्या काळच्या संग्राहकांना आजच्या मापाने मोजणे बरोबर नाही हे खरे. पण त्यांना गोष्टीतून वगळून सारा दोष मांजरावर टाकणे, हे त्याहून बरोबर नाही.

‘जगातील एकमेव’

उडू न शकणारा जगातील एकमेव गाणारा पक्षी, हे विधानही तपासू. पक्षी उडत नव्हता याचा पहिला पुरावा लायलचा. त्याने तो जिवंत असा फक्त दोनदा पाहिला. तो खडकांमधून उंदरासारखा पळत होता आणि उडाला नाही, असे त्याने कळवले. दोन वेळच्या दर्शनावर एवढा मोठा निष्कर्ष उभारणे धाडसाचे होते. पुढे फिलिप मिलनर यांनी हाडांच्या सांगाड्याचा अभ्यास करून १८८९ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनी, १९८९ मध्ये त्याला दुजोरा दिला. उडण्याचे स्नायू ज्या उरोस्थीच्या कण्याला चिकटतात तो कणा या पक्ष्यात अगदी खुजा होता आणि पंखांची हाडेही आखूड होती.

‘एकमेव’ हा शब्द मात्र टिकला नाही. न्यूझीलंडमधूनच दणकट पायांच्या रेनच्या दोन जाती व लांब चोचीच्या रेनची एक जात हाडांवरून ओळखली गेली. या तिन्ही न उडणाऱ्या होत्या. १९९९ मध्ये कॅनरी बेटांपैकी टेनेरिफे येथील एका नष्ट झालेल्या भारीट पक्ष्याचीही यात भर पडली. अशा एकूण पाच जाती आता माहीत आहेत. पाचही बेटांवरच्या आणि पाचही नष्ट झालेल्या. माणसाच्या लेखी वर्णनाच्या काळापर्यंत टिकलेली त्यांतली एकच, ती म्हणजे ट्रॅव्हर्सिया. गोष्टीतले वाक्य असे दुरुस्त करून घ्यावे.

२०१६ साली जुन्या नमुन्यांतून व हाडांतून काढलेल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून ट्रॅव्हर्सियाची शाखा न्यूझीलंडच्या इतर रेन पक्ष्यांपासून कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी झालेली दिसते, तर दणकट पायांचे रेन हे झेनिकस या उडणाऱ्या प्रजातीच्या जवळचे निघाले. म्हणजे एकाच कुलात उडण्याची शक्ती एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे गेली. शिकारी नसलेल्या बेटावर उडण्याचा खर्च परवडत नाही, हे त्यातून पुन्हा एकदा कळते. रॉथशिल्ड यांनी घाईने का होईना, या पक्ष्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली, ते योग्यच ठरले.

नष्ट झाली असे केव्हा म्हणावे?

आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत ट्रॅव्हर्सिया लायली ‘नष्ट’ या वर्गात आहे. एखादी जात नष्ट झाली असे म्हणायचे, तर तिचा शेवटचा जीव मेला याबद्दल वाजवी शंका उरता कामा नये. दीड चौरस किलोमीटरच्या उघड्या-वाघड्या बेटावर, शंभराहून अधिक वर्षे माणसांचा वावर असताना, अशी खात्री देता येते. सगळीकडे ती देता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहा. रानपिंगळा या लहान घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ सालचा होता. त्यानंतर रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहात १९१४ सालचा गुजरातमधील म्हणून एक नमुना होता. हा नमुना जुन्याच संग्रहातून चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली आहे, असे पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये सिद्ध केले. या खोट्या चिठ्ठीने पूर्वीच्या शोधकर्त्यांची दिशाभूल केली होती. खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणांवर भर देऊन रासमुसेन व त्यांचे सहकारी १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या जंगलात गेले आणि ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा दिसला. नंतर तो मेळघाटातही आढळला. आज तो ‘धोक्यात’ या वर्गात आहे, पण आहे.

दोन्ही प्रकरणांत निर्णय दिला तो संग्रहालयातील कपाटांनी, चिठ्ठ्यांनी आणि तारखांनी. गॅलब्रेथ व ब्राऊन यांच्या लेखाचे मोल यातच आहे. त्यांनी नवा पक्षी शोधला नाही. कोणी, केव्हा, कोणाला काय लिहिले हे तारीखवार लावले. त्यांच्या पद्धतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. बहुतेक नमुने व्यापाऱ्याच्या हातून गेलेले आहेत आणि व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवर किती विसंबावे हा प्रश्न राहतोच. म्हणून शेवटचा पक्षी अमुक दिवशी मेला, असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

गोष्ट पुढेही चालू आहे

मांजराची गोष्ट सांगून आपण थांबतो, तेव्हा एक जुनी, दूरची दुर्घटना म्हणून मुले तिच्याकडे पाहतात. पण त्याच कुलातील झुडपी रेन ही जात आपल्या हयातीत गेली. स्टुअर्ट बेटाजवळच्या बिग साउथ केप बेटावर उंदीर नव्हते. १९६४ च्या सुमारास तेथे जहाजी उंदरांचा सुळसुळाट झाला. वन्यजीव खात्याच्या लोकांनी वाचवता आलेले सहा झुडपी रेन जवळच्या काइमोहू बेटावर हलवले. उपाय उशिरा झाला; १९७२ पर्यंत तेही संपले. येथे मांजर नव्हते, म्हणून या पक्ष्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

उरलेल्या दोन जातींपैकी रायफलमन हा पक्षी बऱ्यापैकी टिकून आहे. उंच डोंगरांवर खडकांत राहणारा खडक-रेन मात्र धोक्यात आहे. तो जमिनीलगत घरटे करतो आणि बाहेरून आणलेले स्टोट हे मुंगसाच्या आकाराचे शिकारी त्याची अंडी-पिले खातात. त्याच्यासाठी शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त, तसेच काही पक्षी दुसऱ्या बेटावर नेऊन सोडणे, असे प्रयत्न झाले आहेत. खऱ्या रेनच्या कुलातही हाच धडा मिळतो. दक्षिण अटलांटिकमधील फॉकलंड बेटांवर कॉबचा रेन म्हणून एक जात आहे. जेथे उंदीर व मांजरी पोहोचल्या तेथून ती गेली आणि जेथे त्या नाहीत अशा बेटांवर टिकली. नात्याने इतक्या दूरचे पक्षी, पण कारण तेच.

आणि खुद्द स्टीफन्स बेट? मांजरी गेल्या, दीपगृह १९८९ पासून स्वयंचलित झाले, आणि आता ते संरक्षित क्षेत्र आहे. डायनोसॉरच्या काळातील सरपटणाऱ्या प्राण्यांच्या एका शाखेचा एकमेव जिवंत प्रतिनिधी असलेला तुआतारा आज सर्वांत मोठ्या संख्येने येथेच आहे. ही संख्या तीस हजारांहून अधिक असल्याचे मानले जाते. हॅमिल्टनचा बेडूक ही अतिशय दुर्मीळ जातही येथे टिकली. रेन गेला आणि हे वाचले, कारण मांजरींना आवर घातला गेला आणि उंदीर आजवर येऊ दिले गेले नाहीत. ही गोष्टीची दुसरी बाजू. ती सांगितली नाही, तर मुलांच्या मनात फक्त हळहळ राहते. काही करता येते, हे राहत नाही.

वर्गात काय करावे?

तेव्हा ही गोष्ट सांगूच नये काय? जरूर सांगावी. पण ती सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना तीतील विधाने फळ्यावर सुटी सुटी लिहायला लावावीत. मांजर एक होते. त्याचे नाव टिबल्स होते. पक्षी फक्त त्या बेटावर होता. तो उडत नव्हता. तसा तो जगात एकटाच होता. त्याला मांजराने संपवले. मग प्रत्येक विधानापुढे तीन प्रश्न लिहावेत : हे कोणी पाहिले? कशावरून कळले? वेगळा पुरावा मिळाला तर काय बदलेल? पहिल्या प्रश्नाला साक्षीदार लागतो, दुसऱ्याला हाडे, पत्रे, चिठ्ठ्या लागतात. तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी. सहा विधानांपैकी ‘उडत नव्हता’ हे एकच जसेच्या तसे टिकते, हे मुलांनी स्वतः शोधून काढले तर उत्तम.

वरच्या वर्गांत याच धर्तीवर आपल्या परिसरातील एखादे विधान घेता येईल. ‘आमच्या गावातल्या चिमण्या मोबाइलच्या मनोऱ्यामुळे गेल्या’ असे सर्रास म्हटले जाते. गेल्या म्हणजे किती कमी झाल्या, कोणी मोजल्या, मनोरा कधी उभा राहिला आणि जुनी कौलारू घरे कधी पाडली गेली, हे विचारायला लागले की, विद्यार्थी उत्तर पाठ करण्याऐवजी पुरावा मागू लागतो. एकच खलनायक असलेली कथा लक्षात राहायला सोपी असते, पण उपाय शोधायला निरुपयोगी असते. मांजर दोषी ठरवले की, उंदीर घेऊन येणारी होडी, बाजारभाव आणि उशिरा जाग आलेले खाते यांच्याकडे कोणी पाहत नाही. पुढची जात वाचवायची असेल, तर नेमके तेथेच पाहावे लागते.